नागपूरहून दक्षिण आफ्रिका : किशोरवयीन मुलासोबत जंगल आणि समुद्राचा दौरा कसा आखावा

दक्षिण आफ्रिकेला जायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिलं काम होतं ते विमानाची तिकिटं शोधण्याचं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तिकिटं निघतात आणि मग लक्षात येतं की मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरचं आहे. मे महिन्याच्या तारखा पक्क्या होतात आणि मग कळतं की केपटाउनला तेव्हा थंडी-पावसाचे दिवस सुरू होतात. गाडी ठरते, पण क्रूगर राष्ट्रीय उद्यानातल्या खोल्या संपलेल्या असतात.

क्रम असा ठेवा : आधी मुलाचे कागद, मग ऋतू आणि मार्ग, मग जंगलातले मुक्काम, मग विमान, आणि गाडी सगळ्यांत शेवटी. पुढचे टप्पे याच क्रमानं दिले आहेत. ते १३ ते १७ वर्षांच्या मुला-मुलीसोबत जाणाऱ्या आणि तिथे स्वतः गाडी चालवणाऱ्या कुटुंबासाठी आहेत. तिथेही गाड्या डाव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडेच असतं, त्यामुळे महामार्गाची सवय असलेल्याला हे जमतं.

## १. मुलाचे कागद : सहा-सात महिने आधी

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या कागदपत्रांबाबत दक्षिण आफ्रिका काटेकोर आहे. आई आणि वडील दोघांचीही नावं असलेला पूर्ण जन्मदाखला लागतो. आपल्याकडचे दाखले साधारण तीन ठिकाणी अडतात.

पहिली अडचण नावाच्या रकान्याची. जन्माची नोंद बारशाआधीच झालेली असते आणि पुढे मुलाचं नाव टाकायचं राहून जातं. दुसरी आईच्या नावाची : दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, किंवा दाखल्यावर आडनावाविना नुसतं नाव. तिसरी इंग्रजी स्पेलिंगची : वडिलांच्या नावात एका जागी एक ‘ए’, दुसऱ्या जागी दोन.

नागपुरात जन्म झाला असेल तर ज्या झोनमध्ये नोंद आहे तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून नाव टाकून किंवा दुरुस्त करून घ्या. जन्म गावाकडचा असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जावं लागेल, आणि त्यासाठी दोन फेऱ्या धरून चाला. आईच्या दोन नावांसाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

फक्त आई किंवा फक्त वडील सोबत जाणार असतील तर दुसऱ्या पालकाचं शपथेवरचं संमतीपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची किंवा ओळखपत्राची प्रत लागते. मुलगा आजी-आजोबांसोबत किंवा मामासोबत जाणार असेल तर आई-वडील दोघांचंही संमतीपत्र हवं. घटस्फोट झालेला असेल तर ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेश, एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. हे सगळं व्हिसाच्या अर्जासोबत द्या आणि एकेक प्रत हातातल्या बॅगेतही ठेवा. विमानतळावर मागितली तर चेक-इनला दिलेल्या बॅगेतल्या प्रतीचा उपयोग नाही.

पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेतून निघाल्यानंतर किमान ३० दिवस वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे दहाव्या वर्षी काढलेला नेमका आता संपत आलेला असतो. पंधरा पूर्ण झालेल्या मुलाला दहा वर्षांच्या मुदतीचा पर्याय मिळतो.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. अर्जाची पद्धत बदलत असते, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यातच अधिकृत संकेतस्थळावरच्या सूचना वाचा. प्रवासाआधी आठ-दहा आठवडे अर्ज गेलेला बरा.

तपासा : जन्मदाखला, तिघांचे पासपोर्ट, विवाहाचा दाखला टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि प्रत्येक नाव अक्षर-अक्षर मोठ्यानं वाचा. हे काम मुलाकडे द्या. मोठ्यांची नजर ओळखीच्या नावावरून घसरते.

## २. ऋतू पाहून मार्ग निवडा

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दक्षिण आफ्रिकेत पाऊस सगळीकडे एकाच वेळी पडत नाही. केपटाउनकडचा भाग हिवाळ्यात, म्हणजे आपल्या मे ते ऑगस्टमध्ये भिजतो. क्रूगर आणि डर्बनकडचा पूर्व भाग त्याच काळात कोरडा असतो. क्रूगरमध्ये तेव्हा गवत वाळून खाली बसतं, पाणी थोड्याच ठिकाणी उरतं आणि जनावरं पाणवठ्यांवर येतात. आपल्याकडे ताडोब्यात एप्रिल-मेमध्ये जे घडतं तेच, फक्त तिथे ते थंडीत.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत जोहान्सबर्ग, क्रूगर, ह्लुह्लुवे-इम्फोलोझीचं जंगल, नदीमुखावरचं सेंट लुशिया आणि डर्बन हा मार्ग घ्या. तेव्हा डर्बनच्या किनाऱ्यावर दुपारी हवा उबदार असते आणि जूनपासून कुबड्या देवमाशांचा उत्तरेकडचा प्रवास सुरू झालेला असतो. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या शाळांची हिवाळी सुट्टीही साधारण तेव्हाच लागते आणि जंगलातली गर्दी वाढते. २० जूनच्या आत परतणं सोयीचं.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर केपटाउन, हर्मेनसचे देवमासे, त्सित्सिकामाचा किनारा आणि शेवटी अ‍ॅडोचे हत्ती हा मार्ग बरा. केपटाउन ते अ‍ॅडोजवळचं गेबेरा (जुनं पोर्ट एलिझाबेथ) हे अंतर एन-टू महामार्गानं साधारण ७५० किलोमीटर आहे. तिथे मलेरियाची भीती नाही, ही मोठी सोय. कागद, गाडी आणि सामानाचे नियम दोन्हीकडे सारखेच. पुढचं मी उन्हाळी मार्ग धरून सांगतो.

सावध : केपटाउन आणि क्रूगर दोन्ही बारा दिवसांत बसवायचा मोह आवरा. मधल्या विमानप्रवासात दोन दिवस जातात आणि दोन्ही जागा अर्धवट पाहून होतात.

## ३. मुक्काम आणि किलोमीटर

१३ रात्रींचा आराखडा असा :

- जोहान्सबर्ग विमानतळाजवळ १ रात्र
- क्रूगर, बर्ग-एन-डाल कॅम्प १ रात्र
- क्रूगर, लोअर साबी कॅम्प ३ रात्री
- पोंगोला परिसर, वाटेतला मुक्काम १ रात्र
- ह्लुह्लुवे-इम्फोलोझी, हिलटॉप कॅम्प २ रात्री
- सेंट लुशिया २ रात्री
- उम्हलांगा (डर्बनच्या उत्तरेला) ३ रात्री

जंगल आधी आणि समुद्र नंतर ठेवण्याचं कारण घड्याळात आहे. भारत तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. नागपूरला सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिथे साडेचार वाजलेले असतात. पहिले चार-पाच दिवस दहा वाजेपर्यंत लोळणारा मुलगाही आपोआप पहाटे उठतो, आणि जंगलाला नेमकी तीच वेळ हवी असते. समुद्र आधी ठेवलात तर हा फायदा वाया जातो आणि आठव्या दिवशी पहाटे पाचला उठवताना भांडण होतं.

पहिली रात्र विमानतळाजवळच काढा. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर क्रूगरच्या मलेलाने गेटपर्यंतचे साधारण ३६० किलोमीटर लगेच चालवणं धोक्याचं आहे. जूनमध्ये क्रूगरकडे सूर्य पाच-सव्वापाचलाच मावळतो. रोजचा प्रवास चारच्या आत संपेल असाच आखा. अंधारात रस्त्यावर गुरं, पायी चालणारी माणसं आणि खड्डे दिसत नाहीत.

सर्वांत मोठा सापळा : क्रूगरहून ह्लुह्लुवेला जाताना फोनवरचा नकाशा जवळचा म्हणून इस्वातिनी (जुनं स्वाझीलँड) देशातून रस्ता दाखवतो. तो वेगळा देश आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बाहेर पडल्यावर परत आत येता येणार नाही, शिवाय भाड्याची गाडी सीमेपार न्यायला कंपनीचं पत्र लागतं. नकाशात मधला थांबा म्हणून बार्बर्टन आणि ईम्खोंडो (पीट रेटिफ) हातानं टाका, म्हणजे रस्ता देशातूनच जाईल. तो साधारण ५०० किलोमीटरचा होतो, म्हणून पोंगोलाची रात्र धरली आहे.

## ४. जंगलातल्या खोल्या

विमानाच्या आधी हे करा. क्रूगरचे कॅम्प राष्ट्रीय उद्यानांच्या संस्थेच्या, म्हणजे सॅनपार्क्सच्या, संकेतस्थळावर मिळतात. ह्लुह्लुवेचे कॅम्प इझेम्वेलो ही प्रांतिक संस्था सांभाळते. दोन्हीकडे वेगळं आरक्षण करावं लागतं. नदीकाठचं लोअर साबी सगळ्यांत आधी भरतं. ते मिळालं नाही तर स्कुकुझा घ्या, दोन्हींच्या मधला साबी नदीलगतचा रस्ता कसाही तुमच्या वाट्याला येतोच.

स्वयंपाकाची सोय आणि फ्रीज असलेली बंगली निवडा. शाकाहारी कुटुंबाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

उद्यानाचं शुल्क माणशी आणि दररोज लागतं. बारा पूर्ण झालेलं मूल मोठ्यांत धरलं जातं, हे बजेट मांडताना विसरू नका. वर्षभराचं वाइल्ड कार्डही मिळतं. दोन्ही उद्यानांचे मिळून सात दिवस होत असतील तर रोजचं शुल्क आणि कार्डाची किंमत ताडून पाहा.

रेंजरसोबतची पहाटेची पायी फेरी बारा वर्षांवरच्यांनाच मिळते. तुमचा मुलगा त्या वयात बसतो, तेव्हा एक फेरी नक्की घ्या. दोन बंदूकधारी मार्गदर्शकांच्या मागे एका रांगेत, न बोलता चालायचं असतं. हत्तीच्या लिदीतून त्यानं काय खाल्लं ते ओळखणं गाडीत बसून जमत नाही.

## ५. विमान, लस आणि गोळ्या

नागपूरहून थेट विमान नाही. जाताना नागपूर ते जोहान्सबर्ग आणि परतताना डर्बन ते नागपूर असं सगळं एकाच तिकिटावर मिळतंय का ते आधी पाहा. नागपूर-मुंबई वेगळं काढलंत तर मुंबईत सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, टर्मिनल बदलावं लागू शकतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं चुकल्याची जबाबदारी कुणी घेत नाही. अशा वेळी आदल्या रात्रीची दुरंतो पकडून सकाळी मुंबईत पोचणं जास्त खात्रीचं.

अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट स्वस्त पडू शकतं, पण हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे बारा तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते, आणि परतताना भारतातही विचारणा होते. एक तर आखाती मार्गानं जा, नाहीतर अधिकृत केंद्रात लस घ्या. दाखला लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून ही लस शेवटच्या आठवड्यात घेऊन चालत नाही.

क्रूगर आणि क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या उत्तर भागात (ह्लुह्लुवे, सेंट लुशिया तिकडेच येतात) मलेरिया आहे. हिवाळ्यात धोका कमी असतो, तरी डॉक्टरांशी बोला आणि मुलाचं वजन सांगा, कारण मात्रा त्यावर ठरते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जंगल सोडल्यावर आणखी ७ दिवस घ्यावी लागते, डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे. डॉक्सिसायक्लिननं उन्हात त्वचा लवकर भाजते आणि पुढे तुम्ही किनाऱ्यावर जाणार आहात, हेही डॉक्टरांना सांगा.

सावध : डास दिसले नाहीत म्हणून गोळ्या मध्येच बंद करणं ही नेहमीची चूक. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर नागपूरच्या डॉक्टरांना आफ्रिकेचा प्रवास आधी सांगा.

## ६. गाडी

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून मिळतो, तो एक वर्ष चालतो. मूळ परवाना सोबत हवाच, नुसत्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी मिळत नाही.

गाडी घेताना मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण डिपॉझिट त्यावरच अडकवलं जातं. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड काउंटरवर अनेकदा नाकारलं जातं. वडील चालवणार आणि कार्ड आईचं, असं असेल तर तिथेच अडकाल. कार्डाचे परदेशी व्यवहार निघण्याआधी सुरू करा आणि मर्यादा वाढवून घ्या.

क्रूगरचे मुख्य रस्ते डांबरी आहेत, फोर-बाय-फोरची गरज नाही. पण थोडी उंच गाडी घ्या, गवतापलीकडचं दिसतं. जोहान्सबर्गला घेऊन डर्बनला सोडायची असल्यानं वेगळं शुल्क लागेल. विम्यात टायर आणि काच येतात का, हे स्वतंत्रपणे विचारा. खडीच्या रस्त्यावर नेमकं त्यांचंच नुकसान होतं.

तपासा, ताब्यात घेताना : चारही बाजूंचा, छताचा आणि काचेचा व्हिडिओ. स्टेपनीत हवा. जॅक आणि पाना. पुढच्या काचेवरचा लहानसा तडाही कागदावर लिहून घ्या.

महामार्गावर वेगमर्यादा १२०, क्रूगरच्या डांबरी रस्त्यावर ५०, खडीवर ४०. चौकात चारही बाजूंना थांब्याची पाटी असेल तर जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो. हॉर्न वाजवून पुढे घुसायचं नाही. दारं आतून बंद ठेवा आणि सीटवर बॅग, फोन दिसू देऊ नका.

## ७. सामान

नागपूरच्या ४५ अंशांतून तुम्ही पहाटेच्या आठ-दहा अंशांत उतरता. कॅम्पच्या उघड्या गाडीतल्या फेरीत कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट लागतं, दुपारी टी-शर्ट पुरतो. एकच जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या.

विजेसाठी महागडं अ‍ॅडॉप्टर घेऊ नका. तिथल्या जुन्या पद्धतीच्या भिंतीतल्या सॉकेटला आपल्याकडचा गिझर-एसीचा मोठा, गोल पिनांचा टॉप बसतो. इलेक्ट्रिकच्या दुकानातून चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड त्या १६ अँपियरच्या टॉपसह जोडून घ्या. रात्री तीन फोन आणि कॅमेरा एकदम चार्ज होतात.

कॅमेऱ्यासाठी जुन्या जीन्सच्या पायाची, चेनची रिकामी पिशवी शिवून न्या. तिथे दोन किलो तांदूळ विकत घेऊन भरा आणि गाडीच्या खिडकीच्या काठावर ठेवून फोटो काढा. ट्रायपॉड गाडीत उघडतच नाही. शेवटच्या कॅम्पमध्ये त्या तांदळाची खिचडी करता येते, म्हणून भरताना स्वच्छ प्लास्टिकच्या थैलीसकट भरा.

दुर्बीण मुलाला स्वतंत्र द्या, ८×४२ ची. एकाच दुर्बिणीवर तिघं असतील तर बिबट्या दिसतो तो एकालाच.

खाण्यात चिवडा, शंकरपाळे, भाजणी, मेतकूट असं तयार आणि बंद पाकिटातलं न्या. ताजी फळं, भाज्या, कच्चं बियाणं, दूध-तुपाचे पदार्थ नेऊ नका. डाळ-तांदूळ तिथल्या सुपरमार्केटात मिळतात. क्रूगरमध्ये शिरण्याआधी म्बोम्बेला शहरात पाच दिवसांचा किराणा भरा.

## ८. जंगलातला दिवस

ताडोब्याची सवय इथे आड येते. तिथे जिप्सी, चालक आणि गाइड असतो, साडेतीन-चार तासांची फेरी असते आणि सगळ्यांचे डोळे वाघासाठी लागलेले असतात. क्रूगर साधारण २०,००० चौरस किलोमीटरचं आहे, गाडी तुमची आणि शोधणारेही तुम्हीच. सिंहामागे पळालात तर दिवसभर डांबर पाहून परत याल. ताशी २०-२५ किलोमीटरनं जा. थांबे धरून १०० किलोमीटरला चार-पाच तास लागतात, त्याहून लांबची फेरी आखू नका.

गेट जूनमध्ये सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. उशिरा पोचलात तर दंड.

मुलाला काम द्या, नुसतं मागच्या सीटवर बसवू नका. नकाशा त्याच्याकडे द्या : कॅम्पच्या दुकानात छापील नकाशा-पुस्तक मिळतं, कारण कॅम्पपासून दूर मोबाइल चालत नाही. कुठून वळायचं आणि परतायला किती वाजता निघायचं, हे त्यालाच ठरवू द्या. संध्याकाळी कॅम्पमधल्या फलकावर रंगीत खुणांनी त्या दिवशी काय कुठे दिसलं ते लावलेलं असतं. ते पाहून दुसऱ्या दिवसाचा रस्ता त्यानं आखावा.

सलग चार पहाटे कुणाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही. दोन पहाटे झाल्या की तिसऱ्या दिवशी झोपू द्या. लोअर साबीच्या बाहेर दोन मिनिटांवर सनसेट डॅम हे पाणी आहे. दहा वाजता जाऊन तिथे तासभर नुसतं थांबलं तरी पाणघोडे आणि मगरी दिसतात. दर तीन तासांनी खायला हाताशी ठेवा. या वयातली चिडचिड पुष्कळदा भुकेची असते.

सावध : ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून अर्धं शरीर बाहेर काढायचं नाही. फोनवर फोटो घेताना मुलं हेच करतात, म्हणून नियम पहिल्याच सकाळी स्पष्ट सांगा. हत्ती कान पसरून समोर उभा राहिला की इंजिन बंद करू नका, सावकाश मागे घ्या. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये गाडी कधीही आणू नका. कॅम्पमध्ये माकडं फ्रीज उघडतात, दाराची कडी लावूनच बाहेर पडा.

## ९. समुद्र

सेंट लुशियात आधी नदीमुखातली दोन तासांची बोट घ्या, पाणघोडे जवळून दिसतात. मग एक दिवस केप विदालच्या किनाऱ्याला जा. रात्री पाणघोडे गावातल्या रस्त्यांवर चरायला येतात. जेवून परतताना पायी फिरू नका, मुलाला एकटं दुकानात पाठवू नका.

सावध : नदीमुखाच्या पाण्यात पाय घालायचा नाही, तिथे मगरी आहेत. त्याच्या किनाऱ्याजवळ उभं राहून फोटोही नको.

पोहायचं ते डर्बन-उम्हलांग्यात, जिथे शार्कपासून संरक्षणाची जाळी आणि जीवरक्षक आहेत, आणि तेही दोन झेंड्यांच्या मध्येच. अंबाझरीत किंवा क्लबच्या टाकीत पोहणाऱ्या मुलाला ओढीच्या प्रवाहाचा अंदाज नसतो. तो आत ओढू लागला तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. हे पाण्यात उतरण्याआधी वाळूवर रेघ काढून दाखवा. किनारा त्या दिवशी खुला आहे का, हे पाटीवर पाहा, पाणी दूषित असलं की पालिका तो बंद ठेवते.

सर्फिंगचा एक धडा मुलासाठी घ्या आणि त्या दोन तासांत तुम्ही दूर बसा. डर्बनमध्ये भारतीय वंशाची मोठी वस्ती आहे, शाकाहारी जेवणाची चिंता इथे संपते. पोखरलेल्या पावात भाजी भरलेला बनी चाउ बीन्सचा मागा.

## १०. गाडी परत देताना

किंग शाका विमानतळ उम्हलांग्याहून जवळ आहे, तरी विमानाच्या साडेतीन तास आधी पोचा. वाटेत टाकी पूर्ण भरा आणि पेट्रोलची पावती ठेवा. किनाऱ्याची वाळू सीटवरून झाडून काढा, साफसफाईचे वेगळे पैसे लावले जातात. परतीच्या क्षणीही घेतानासारखाच व्हिडिओ काढा, किलोमीटरच्या आकड्यासह, आणि कर्मचाऱ्याची सही घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. अडकवलेलं डिपॉझिट कार्डावर सुटायला काही दिवस लागतात. ते सुटेपर्यंत करारनामा, पावती आणि दोन्ही व्हिडिओ जपून ठेवा, टोल किंवा दंडाची रक्कम नंतर कापली गेली तर त्याच कागदांवरून ताडून पाहता येतं.